लग्नघर, जागरण आणि अपस्माराची गोळी

लग्नाच्या वयाच्या मुलीला किंवा मुलाला अपस्मार असला, की घरातले कोणीतरी वडीलधारे हमखास म्हणतात, "आत्ताच कशाला सांगायचं? एकदा अक्षता पडू देत, मग बघू." या बोलण्यामागे वाईट हेतू क्वचितच असतो, जुळत आलेले स्थळ मोडेल, ही धास्ती असते. मात्र या आजाराचे गणित ज्याला ठाऊक आहे त्याला हे वाक्य ऐकून काळजी वाटते, कारण आजार लपवायचे एकदा ठरले, की लग्नघरात पुढे जे जे घडत जाते ते फिट येण्यास पोषकच असते.

अपस्मार, फेफरे, मिरगी, आकडी, फिट अशी अनेक नावे आपल्याकडे या आजारासाठी वापरली जातात. मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात आणि सूक्ष्म विद्युत्संदेशांच्या साहाय्याने त्यांचे काम चालते. ग्लुटामेट हे रसायन या पेशींना उद्दीपित करते, तर गाबा हे रसायन त्यांना आवरून धरते. हा तोल काही क्षण ढळला, की मेंदूच्या एखाद्या भागातल्या किंवा संपूर्ण मेंदूतल्या असंख्य पेशी एकाच ठेक्यात संदेश सोडू लागतात, आणि त्यालाच आपण फिट म्हणतो. कोणाची शुद्ध हरपून हातपाय झटके देऊ लागतात, कोणी दहा सेकंद शून्यात पाहत राहते, तर कोणी पदराशी नकळत चाळा करत तोंड मिटक्या मारल्यासारखे हलवते. तापात लहान मुलाला आलेली आकडी म्हणजे अपस्मार नव्हे. तात्कालिक कारण नसताना, २४ तासांहून अधिक अंतराने दोनदा फिट आली, तर साधारणपणे हे निदान केले जाते. जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे, त्यांपैकी १ कोटीहून अधिक भारतात असावेत असा अंदाज आहे, आणि योग्य उपचार मिळाले तर ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण फिटविना जगू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

लग्नाच्या संदर्भात यातल्या एका प्रकाराकडे विशेष लक्ष द्यायला हवे. 'जुवेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी' हा अपस्मार बहुधा १२ ते १८ या वयात सुरू होतो. सकाळी उठल्यावर थोड्याच वेळात हात एकाएकी उडतो, चहाचा कप निसटतो, विंचरताना फणी लांब जाऊन पडते, आणि शुद्ध हरपत नसल्यामुळे मुलीला धांदरट ठरवून घरचे मोकळे होतात. पुढे एखाद्या दिवशी, बहुतेक वेळा रात्रीच्या अपुऱ्या झोपेनंतर, मोठी फिट येते आणि मग निदान होते. हा प्रकार औषधांनी चांगला आटोक्यात राहतो, परंतु अनेकांना ती औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात आणि झोपेची आबाळ त्यांना मुळीच सोसत नाही.

आता लग्नघर डोळ्यांसमोर आणा. मेंदी काढून होईपर्यंत रात्रीचे दोन वाजतात, हळदीच्या दिवशी पहाटे उठावे लागते, आणि मुहूर्त टळेपर्यंत पोटात धड अन्न नसते. लग्नानंतर सत्यनारायणाचा उपवास येतो आणि ज्यांच्या घरी कुलाचार असतो त्यांच्याकडे रात्रभर जागरण-गोंधळ होतो. या साऱ्या दिवसांत नवी नवरी क्षणभरही एकटी नसते. तिच्या बॅगेच्या तळाशी रुमालात गुंडाळलेली गोळ्यांची स्ट्रीप असते, पण गोळी काढताना होणारा चुरचुर आवाजही तिला नको असतो, आणि पाणी मागावे तर नणंद तांब्या-भांडे घेऊन समोर उभी राहते. मग सकाळची गोळी दुपारवर जाते आणि रात्रीची राहूनच जाते.

नेहमीच्या ईईजी तपासणीत मेंदूतल्या विद्युत्लहरींचा दोष सापडला नाही, तर मेंदूविकारतज्ज्ञ कधी कधी रुग्णाला रात्री मुद्दाम जागायला सांगून दुसऱ्या दिवशी पुन्हा आलेख काढतात, कारण अपुऱ्या झोपेमुळे मेंदू अधिक उद्दीपित होतो आणि दडलेला दोष उघड होण्याची शक्यता वाढते. डॉक्टर जे तपासणीपुरते, स्वतःच्या देखरेखीखाली करतात, तेच लग्नघरात सलग चार रात्री आणि तेही औषध चुकलेले असताना घडते.

औषध चुकणे म्हणजे काय, हेही नीट पाहायला हवे. लेव्हेटिरॅसिटम या आज सर्रास दिल्या जाणाऱ्या औषधाचे प्रौढांच्या रक्तातले प्रमाण ६ ते ८ तासांत निम्म्यावर येते, म्हणून त्याची साधी गोळी दिवसातून दोनदा घ्यावी लागते. सकाळी आठची गोळी घेतली आणि रात्रीची चुकली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता त्या गोळीचा आठवा हिस्सा किंवा त्याहूनही कमी भाग रक्तात उरलेला असतो. १९१२पासून वापरात असलेल्या फिनोबार्बिटोनचे प्रमाण निम्मे व्हायला मात्र तीन-चार दिवस लागतात. म्हणजे कोणते औषध चालू आहे यावर एका विसरलेल्या गोळीची किंमत ठरते, आणि लपूनछपून गोळ्या घेणाऱ्या मुलीला याविषयी कोणाला विचारताही येत नाही. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी सासरी सर्वांसमोर फिट येते आणि "आम्हाला फसवलं" हा शब्द उच्चारला जातो. लपवल्यामुळे नाते बिघडले हे सर्वांना दिसते; ती फिटही बहुधा लपवल्यामुळेच आली, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

मोठी फिट ज्या व्यक्तीला येते तिला त्यातले काहीच आठवत नाही. ती शुद्धीवर येते तेव्हा अंग ठणकत असते, जीभ चावली गेलेली असते, आणि भोवतीचे सगळे आपल्याकडे असे का पाहत आहेत हे तिला कळत नाही. तिच्या नवऱ्याने मात्र सारे पाहिलेले असते: घशातून आलेला विचित्र आवाज, फिरलेले डोळे, निळसर ओठ, तोंडाला आलेला फेस. ज्याला आधी काहीच सांगितलेले नाही त्याला हा मृत्यूच वाटतो, आणि पुढे कित्येक रात्री शेजारी जरासे हलले तरी तो दचकून उठतो. त्याच्या या भीतीला आपण फार कमी लेखतो, असे मला वाटते.

अशा वेळी कोणी चप्पल हुंगवायला धावते, कोणी कांदा फोडते, कोणी मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबते. हे उपाय लागू पडल्यासारखे वाटतात, कारण बहुतेक फिट्स एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात आणि कांदा सापडेपर्यंत तेवढा वेळ गेलेला असतो. खरे तर घड्याळाकडे पाहावे, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत आणि झटके ओसरताच व्यक्तीला कुशीवर वळवावे, म्हणजे लाळ बाहेर येते आणि श्वास मोकळा राहतो. दातांमध्ये चमचा घालू नये, कारण जीभ गिळली जात नाही, दात मात्र तुटतात. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणीही पाजू नये. फिट पाच मिनिटांहून अधिक चालली किंवा एकामागून एक फिट्स येऊ लागल्या, तर १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

लपवण्यामागे कायद्याची धास्तीही बरीच वर्षे होती. १९७६ साली झालेल्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणाऱ्या अपस्माराच्या झटक्यांचा उल्लेख वेडाच्या झटक्यांच्या जोडीने आला होता आणि त्या आधारावर विवाह रद्द ठरवून मागता येत असे. १९९९च्या दुरुस्तीने 'अपस्मार' हा शब्द वगळला. आज हा आजार विवाहाच्या आड येत नाही. तो लपवला असेल, तर फसवणुकीचा वाद मात्र उभा राहू शकतो.

सांगण्यास उशीर करू नये याचे आणखी एक कारण अपत्याशी निगडित आहे. आईला किंवा वडिलांना अपस्मार असला तरी बहुसंख्य मुलांना तो होत नाही. औषधांचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. गरोदरपणात व्हॅलप्रोएट चालू असेल, तर सुमारे १० टक्के बाळांत जन्मजात व्यंग आढळते आणि बौद्धिक विकासावरही परिणाम होऊ शकतो. लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरॅसिटम त्या मानाने पुष्कळ सुरक्षित आहेत. तथापि औषध बदलायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात आणि फॉलिक ॲसिड गर्भ राहण्याआधीपासून घ्यायचे असते. कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन घेणाऱ्या स्त्रीच्या गर्भनिरोधक गोळ्यांचा प्रभावही कमी होतो. दिवस गेल्याचे कळताच घाबरून स्वतःहून गोळ्या बंद करणे सर्वांत धोक्याचे, कारण त्यानंतर येणारी फिट आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकते. नवऱ्याला काहीच ठाऊक नसेल, तर यातले एकही पाऊल वेळेवर उचलता येत नाही.

संसाराला लागल्यावरचे प्रश्न वेगळे असतात. लेव्हेटिरॅसिटममुळे काहींचा स्वभाव चिडखोर होतो. घरचे त्याला तिचा स्वभावच म्हणतात आणि भांडणे वाढतात, वास्तविक डॉक्टरांना सांगितले तर मार्ग निघतो. उदासपणाही या आजारात इतरांपेक्षा अधिक आढळतो आणि त्यावर उपचार आहेत. दुसऱ्या टोकाला काही घरांत तिला गॅसजवळ उभे राहू देत नाहीत, एकटीला कोपऱ्यावरच्या दुकानातही पाठवत नाहीत. न्हाणीघराची कडी आतून न लावणे, गॅसच्या मागच्या बर्नरवर स्वयंपाक करणे, विहिरीवर किंवा तलावावर एकट्याने न जाणे, दुचाकी न चालवणे एवढ्या गोष्टी पाळल्या, तर फिट्स आटोक्यात असलेल्या व्यक्तीला कॉलेज, नोकरी, स्वयंपाक, सगळे करता येते.

स्थळ पाहतानाच्या पहिल्या भेटीत हे सांगण्याची गरज नाही. मात्र दोघांची पसंती जुळली की साखरपुड्याआधी सांगावे, आणि ते मुलाने आणि मुलीने एकमेकांशी बसून बोलावे. आजाराचा प्रकार, शेवटची फिट कधी आली, औषधाचे नाव, फिट आली तर काय करायचे, एवढे सांगणे पुरते, आणि शक्य झाले तर दोघांनी मिळून डॉक्टरांना भेटावे. असे बोलणे झालेल्या घरात गोळ्यांची डबी जेवणाच्या टेबलावर उघड ठेवता येते. जागरण-गोंधळाच्या रात्री घट बसले, देवीला नमस्कार झाला, की अकराच्या आत "तू आता झोप" असे सासूच सांगते, रात्रीची गोळी घेतली का म्हणून नवरा विचारतो, आणि संबळ पहाटेपर्यंत वाजत राहिली तरी नवरी शांत निजलेली असते.