दैनिक मनन : चरित्रं आणि साक्षींमधून रोजचं ख्रिस्ती वाचन

पवित्र शास्त्रातलं एखादं वचन, त्याला जोडून कुणाच्या तरी आयुष्यात खरोखर घडलेली गोष्ट आणि शेवटी दोन-चार ओळींची प्रार्थना, असं रोज एक पान वाचायची ख्रिस्ती लोकांतली जुनी पद्धत म्हणजे दैनिक मनन. मराठी ख्रिस्ती घरांत कुणी याला नुसतं मनन म्हणतं, कुणी शांत वेळ म्हणतं, हल्लीची पोरं सरळ डिव्होशन म्हणतात. पुस्तक तारखेनुसार असतं, ३१ डिसेंबरचं पान झालं की परत १ जानेवारी, त्यामुळे एकच पुस्तक एका घरात वर्षानुवर्षं चालतं आणि समासात कुणाचं ऑपरेशन, कुणाचा बारावीचा रिझल्ट असंही पेनाने लिहिलेलं साठत जातं. काही मननं फक्त वचनाचा अर्थ सांगतात, पण ही नोंद मुख्यतः दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे, म्हणजे जिथे संत, हुतात्मे, मिशनरी, गीतकार आणि साधे विश्वासणारे यांच्या जगण्यातून वचन उलगडतं.

याचं मूळ शास्त्रातच आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या ११व्या अध्यायात हाबेल, नोहा, अब्राहाम, सारा, मोशे असे एकामागून एक येतात आणि १२व्या अध्यायाच्या सुरुवातीला या सगळ्यांना आपल्याभोवतीचा साक्षीदारांचा मोठा मेघ म्हटलंय. त्या यादीत राहाब वेश्या आहे, शमशोन आहे, अविचाराने नवस बोलून पोटच्या मुलीला गमावणारा इफ्ताहही आहे. निवडून काढलेल्या निर्दोष माणसांची ही यादी नाहीच, आणि चांगलं मनन कसं असावं याचा माझ्या मते हाच पहिला नमुना.

ठरावीक तारखेला ठरावीक माणसाची आठवण करायची सवय दुसऱ्या शतकापासून दिसते. स्मुर्णा शहराचा बिशप पॉलिकार्प याला विश्वासासाठी मारलं गेलं, आणि त्याच्या मंडळीने (म्हणजे तिथल्या चर्चने) लिहिलेल्या वृत्तांतातच दरवर्षी त्या दिवशी एकत्र जमण्याबद्दल लिहिलंय. पुढे ३९७ साली उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या धर्मसभेने ठरवलं की चर्चमध्ये शास्त्र सोडून दुसरं काही वाचायचं नाही, पण हुतात्म्यांच्या स्मृतिदिनी त्यांचे वृत्तांत वाचायला मात्र मोकळीक दिली. सहाव्या शतकात बेनेडिक्टने मठांसाठी जे नियम लिहिले त्यात संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र बसून जुन्या साधूंची चरित्रं वगैरे ऐकावीत असं आहे. आणि १५८४ मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी तर वर्षातल्या प्रत्येक दिवसाच्या संतांची आणि हुतात्म्यांची अधिकृत रोमन यादीच जारी केली.

अशा वाचनाने माणूस किती हलतो याची दोन उदाहरणं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ३८६ साली मिलानमध्ये, पुढे संत म्हणून ओळखल्या गेलेल्या ऑगस्टीनकडे एक पाहुणा आला आणि बोलता बोलता त्याने सांगितलं की इजिप्तच्या अँथनी या साधूचं चरित्र हातात पडल्यावर राजदरबारातल्या दोन अधिकाऱ्यांनी ते वाचता वाचताच नोकरी सोडायचं ठरवलं. ऑगस्टीन ते ऐकून इतका अस्वस्थ झाला की उठून बागेत गेला, आणि तिथेच रोमकरांस पत्रातलं वचन वाचून ख्रिस्ती व्हायचा त्याचा निर्णय झाला. दुसरं उदाहरण १५२१ चं. पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडलेला इग्नेशियस लोयोला घरी पडून होता, त्याला शूरवीरांच्या कादंबऱ्या हव्या होत्या, त्या घरात नव्हत्या, मिळालं काय तर ख्रिस्तचरित्र आणि याकोबुस दे वोराजिने याने तेराव्या शतकात लिहिलेला संतकथांचा संग्रह. असिसीच्या संत फ्रान्सिसने हे केलं, संत डॉमिनिकने ते केलं, मग मी का नाही, असा प्रश्न त्याला तिथे पडला आणि त्यातून पुढे येशूसंघ, म्हणजे जेझुइट धर्मगुरूंचा संघ, उभा राहिला. त्याचाच सोबती फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरला, म्हणजे आजारपणातल्या त्या वाचनाचा धागा थेट आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो. गोव्यातल्या राशोलला राहून फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये मराठी ओवीत छापलेलं ख्रिस्तपुराण, तेही येशूसंघाच्याच माणसाचं काम.

प्रोटेस्टंट मंडळ्यांनी संतांना विनवणी करणं सोडलं, पण त्यांच्या गोष्टी सोडल्या नाहीत. इंग्लंडमध्ये जॉन फॉक्सने १५६३ मध्ये हुतात्म्यांचा प्रचंड ग्रंथ काढला. आज आपण ज्याला रोजचं पान म्हणतो त्याचा साचा मात्र जर्मनीतल्या हेर्नहूट गावात तयार झाला. ३ मे १७२८ ला काउंट झिंझेनडॉर्फने मंडळीला दुसऱ्या दिवसासाठी एक वचन दिलं, मग रोजच ते सुरू झालं, वचन सकाळी घरोघर जाऊन सांगायचे, आणि १७३१ पासून वर्षभराची वचनं पुस्तकात छापून येऊ लागली. जुन्या करारातली ही वचनं आजही चिठ्ठी काढून निवडतात आणि पुस्तक दरवर्षी निघतं. जर्मन पाळक डिट्रिख बॉनहोफर नाझींच्या तुरुंगात हीच वचनं वाचत होता, १९४४ मध्ये त्यांवरचं मनन त्याने मित्राच्या घरी लिहून पाठवलं. ९ एप्रिल १९४५ ला त्याला फाशी झाली आणि आता कित्येक मननांत त्या तारखेला त्याचंच पान असतं.

इंग्रजीत नंतर पुस्तकांचा पूरच आला. लंडनचा प्रवचनकार स्पर्जन याची सकाळची मननं १८६५ ला आणि संध्याकाळची १८६८ ला निघाली, १९३५ पासून अमेरिकेतल्या मेथॉडिस्ट लोकांचं द अपर रूम आणि १९५६ पासून अवर डेली ब्रेड, या दोन पुस्तिका तर जगभर गेल्या, आणि यांच्यात रोजच्या जगण्यातला छोटा प्रसंग सांगून वचनाकडे यायची रीत पक्की झाली. पण मला जास्त महत्त्वाची वाटतात ती दोन पुस्तकं, आणि दोन्हींच्या मागे विधवा झालेली बाई आहे. ओस्वाल्ड चेंबर्स हा पहिल्या महायुद्धात कैरोजवळ सैनिकांमध्ये सेवा करत होता, १९१७ मध्ये तो तिथेच वारला, त्याची बायको गर्ट्रूड शॉर्टहँडमध्ये पटाईत होती, तिने त्याची प्रवचनं शब्द न् शब्द उतरवून ठेवली होती, त्यातून तिने १९२७ मध्ये माय अटमोस्ट फॉर हिज हायेस्ट हे वर्षभराचं मनन तयार केलं आणि त्यावर स्वतःचं नाव घातलं नाही. लेटी काउमन आणि तिचा नवरा जपानमध्ये मिशनरी होते, तो हृदयाच्या आजाराने बरीच वर्षं झिजला, तिने त्या काळात धीर देणारे उतारे जमवले, १९२४ मध्ये तो गेला, १९२५ मध्ये स्ट्रीम्स इन द डेझर्ट हे पुस्तक आलं. म्हणजे बरं होण्यासाठी केलेली प्रार्थना मागितली तशी ऐकली गेली नाही अशा घरातून हे पुस्तक आलंय, आणि आजारी माणसाच्या उशाशी ते अजून सापडतं ते यामुळेच असं मला वाटतं.

इथेच या प्रकाराची सगळ्यात मोठी अडचण येते. एका पानात बसवायला गोष्ट कापावी लागते आणि कापताना नेमकं नको ते कापलं जातं. जॉन न्यूटनचं घ्या. बऱ्याच मननांत असं येतं की मार्च १७४८ च्या वादळात त्याने देवाचा धावा केला, जहाज वाचलं, गुलामांचा व्यापारी बदलला आणि त्याने अमेझिंग ग्रेस हे प्रसिद्ध गीत लिहिलं. खरं असं आहे की त्या वादळानंतरही तो गुलामांची जहाजं घेऊन जातच होता, कॅप्टन झाला, १७५४ मध्ये समुद्र सोडला तो आजारपणामुळे, आणि या व्यापाराविरुद्ध त्याने जाहीरपणे लिहिलं ते थेट १७८८ मध्ये. चाळीस वर्षं लागली. हे लपवून न्यूटन मोठा होत नाही, उलट ज्याला बदलायला वेळ लागतोय अशा वाचकाचा आधारच त्यातून निघून जातो. तसंच ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचं, त्याच्या अनाथाश्रमांत दहा हजारांवर मुलं सांभाळली गेली, कुणाकडे पैसे मागितले नाहीत, ऐनवेळी भाकरी आली, हे सगळं सांगतात पण तो पैचा हिशोब ठेवायचा आणि दरवर्षी छापायचा हे सांगत नाहीत, मग वाचणाऱ्याला वाटतं की आपला विश्वासच कमी पडतोय.

आपल्याकडच्या माणसांवर मननाची पानं लिहिताना हे जास्तच जपायला हवं. पंडिता रमाबाईंचं पान ५ एप्रिलला येतं, १९२२ मध्ये त्या दिवशी त्या केडगावला वारल्या (चर्च ऑफ इंग्लंड ३० एप्रिलला त्यांची आठवण करतं). दुष्काळातल्या मुलींना आपल्या मुक्ती मिशन या आश्रमात आणणं, हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं पवित्र शास्त्र सोप्या मराठीत करणं, हे सगळं येतं, आणि यायलाच हवं. पण १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावर मी माझ्या बुद्धीने विचार करणार म्हणून त्यांनी तिथल्या सिस्टरांशी आणि बिशपांशी पत्रांतून जो वाद घातला तोही त्यांच्या विश्वासाचाच भाग होता. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा, आणि मधली वर्षं त्या घरात काय चाललं होतं ते लक्ष्मीबाईंनी स्मृतिचित्रेमध्ये काही न लपवता लिहून ठेवलंय, नवऱ्याचा राग, वेगळं राहणं, सोवळंओवळं सुटायला लागलेला वेळ, सगळं. त्या पुस्तकातला कुठलाही प्रसंग काढा, रोजच्या वाचनाला तो पुरतो.

कॅथलिक घरांत संतांच्या सणांमुळे हे वाचन पंचांगाला आपोआप बांधलेलं असतं. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत क्रुसावर मेले आणि १८६२ मध्ये संत ठरले. गोव्याच्या बाणावलीचे जोसेफ वाझ यांचा दिवस १६ जानेवारी. डचांनी श्रीलंकेत कॅथलिक धर्मावर बंदी घातली होती तेव्हा ते मजुराच्या वेषात तिथे शिरले, कँडीत हेर समजून तुरुंगात पडले, १६९७ मध्ये देवीची साथ आली तर लोकांनी टाकून दिलेल्या रोग्यांची सेवा केली, आणि १७११ मध्ये तिथेच वारले. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केलं. २३ जानेवारीला हल्लीच्या मननांत ग्रॅहम स्टेन्स येतात, ओडिशात कुष्ठरोग्यांत काम करणारे, १९९९ मध्ये मनोहरपूरला दोन लहान मुलांसकट जाळले गेले, आणि त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना जाहीरपणे क्षमा केली. हे पान लहान मुलांसमोर मोठ्याने वाचताना कुणीही अडखळतं, तरी ते वगळू नये असं मला ठामपणे वाटतं.

वाचायची रीत घराघरात वेगळी. प्रोटेस्टंट घरांत बहुधा रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत, आधी उपासना संगीत या गीतसंग्रहातलं एखादं गीत, मग मुलांपैकी कुणीतरी आळीपाळीने पान वाचतं, शेवटी आजी किंवा वडील प्रार्थना करतात. कॅथलिक घरांत रोझरीला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला जोडून. नोकरीवाले लोकलमध्ये मोबाईलवर वाचतात, व्हॉट्सअॅपवर सकाळी आलेलं पान पुढे पाठवतात, पण त्या फॉरवर्डमध्ये माणसाचं नाव, साल, गाव गळून नुसती एक मिशनरी होता अशी गोष्ट उरते आणि खरी आहे की नाही तेही तपासता येत नाही. एक साधी गोष्ट मात्र जुनी माणसं पाळतात, आधी शास्त्रातला पूर्ण उतारा उघडून वाचायचा आणि मगच गोष्ट, कारण गोष्ट आधी वाचली की उतारा उघडायचा राहूनच जातो.