बेदाण्याच्या शेडला कॉम्प्युटरचा पंखा

मार्च-एप्रिलमध्ये तासगावच्या बाजूला गेले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना बेदाण्याच्या शेड दिसू लागतात. वर पत्रा, चारही बाजूंनी हवा खेळती आणि आत एकावर एक ताणलेल्या जाळ्यांवर पसरलेली द्राक्षे. ही द्राक्षे उन्हात नव्हे, तर सावलीत वाळतात आणि वाळवण्याचे मुख्य काम कोरडा वारा करतो. सांगलीत आमच्या शेजारी राहणाऱ्या, आठवीत शिकणाऱ्या मुलाने विज्ञान प्रदर्शनासाठी अशा शेडची खोक्याएवढी प्रतिकृती करायला घेतली, तेव्हा वाऱ्याची सोय म्हणून त्याने घरातल्या बंद पडलेल्या कॉम्प्युटरमधून १२० मिलिमीटरचा पंखा काढून आणला. आता कॉम्प्युटरशिवाय हा पंखा चालवायचा कसा, हा प्रश्न घेऊन तो माझ्याकडे आला.

उत्तर पंख्यावरच लिहिलेले असते. मधल्या गोल भागावरच्या स्टिकरवर आमच्या पंख्याच्या बाबतीत डीसी १२ व्होल्ट आणि ०.१८ अँपिअर असे छापले होते. या दोन आकड्यांचा गुणाकार केला की सुमारे २.२ वॅट येतात. छताच्या जुन्या पंख्याला साधारण ७५ वॅट लागतात, हे लक्षात घेतले तर या पंख्याची भूक किती लहान आहे ते कळते. वायफाय राउटरचा १२ व्होल्टचा जुना अडॅप्टर त्यासाठी पुरेसा असतो, आणि तो बहुतेक घरांत कुठल्यातरी खणात पडलेला सापडतो.

अडॅप्टर सापडला, पण त्यावर २ अँपिअर लिहिलेले होते. ‘‘काका, पंख्याला पाव अँपिअरसुद्धा लागत नाही. दोन अँपिअर दिले तर जळेल ना?’’ हा गैरसमज मोठ्या माणसांतही इतका पक्का बसलेला आहे की त्याच्यापाशी थोडे थांबायला हवे. अडॅप्टर व्होल्टेज ठरवतो. त्या व्होल्टेजवर करंट किती ओढायचा, हे पंखा ठरवतो. अडॅप्टरवरचा अँपिअरचा आकडा म्हणजे त्याच्याकडून जास्तीत जास्त किती मागता येईल याची मर्यादा होय. घरातल्या १६ अँपिअरच्या सॉकेटला आपण मोबाइलचा चार्जर लावतो, म्हणून काही चार्जरमध्ये १६ अँपिअर घुसत नाहीत. तेव्हा व्होल्टचा आकडा जुळला पाहिजे आणि अँपिअरचा आकडा पंख्यापेक्षा मोठा असला पाहिजे, एवढेच पाहायचे.

व्होल्टच्या आकड्यावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नये. हातात घेतल्यावर जड लागणारे, आत लोखंडी ट्रान्सफॉर्मर असलेले जुने अडॅप्टर १२ व्होल्टचे म्हणवतात, पण भार नसताना मल्टिमीटरवर १६-१७ व्होल्ट दाखवतात, आणि पंख्यासारख्या किरकोळ भाराखाली ते फारसे खाली येत नाहीत. हलके, आधुनिक अडॅप्टर या बाबतीत इमानी असतात. मल्टिमीटर लावायचाच, तर धन टोक कोणते तेही त्याच वेळी पाहून घ्यावे. गोल पिनेत बहुधा मधला भाग धन असतो, पण ‘बहुधा’वर वायर जोडणे बरे नव्हे.

आम्ही पहिल्यांदा नेमकी तीच चूक केली. वायरी उलट लागल्या आणि पंखा हललाच नाही. खेळण्यातल्या मोटारीच्या वायरी उलट केल्या की ती उलटी फिरते, म्हणून पंखाही उलटा फिरेल अशी मुलाची अपेक्षा होती, आणि ती तर्काला धरून होती. फरक आहे तो मोटारीच्या रचनेत. खेळण्यातल्या मोटारीत ब्रश असतात आणि करंटची दिशा बदलण्याचे काम ते घासत-घासत करतात. कॉम्प्युटरच्या पंख्यात ब्रश नसतात. पात्यांच्या मधल्या टोपीत आतून वर्तुळाकार चुंबक बसवलेला असतो आणि तो स्थिर गुंडाळ्यांभोवती फिरतो. चुंबकाचा कोणता ध्रुव समोर आला आहे, हे एक चिमुकला संवेदक ओळखतो आणि त्यानुसार गुंडाळ्यांतला करंट पालटला जातो. या संवेदकामागचा परिणाम एडविन हॉल या अमेरिकी शास्त्रज्ञाने १८७९ मध्ये शोधला, म्हणून त्याला हॉल परिणाम म्हणतात. थोडक्यात, या पंख्याच्या पोटात इलेक्ट्रॉनिक मंडल आहे, आणि उलट वीज दिली तर ते पंख्याला उलटे फिरवत नाही. फार तर स्वतः जळते. आमच्या पंख्यात संरक्षक डायोड असावा, कारण वायरी सरळ केल्याबरोबर तो फिरू लागला.

वायरींच्या रंगांतही एक खोडी आहे. तीन वायरींच्या पंख्यात काळी ऋण, लाल १२ व्होल्टची आणि पिवळी वेग कळवणारी असते. चार वायरींच्या पंख्यात मात्र सहसा पिवळी हीच १२ व्होल्टची, हिरवी वेग कळवणारी आणि निळी वेग ठरवणारी असते. एकाची पिवळी वायर समजून दुसऱ्याची जोडली तर वेग कळवणाऱ्या भागावर १२ व्होल्ट जाऊन तो निकामी होऊ शकतो. हल्ली तर सगळ्याच वायरी काळ्या असतात. अशा वेळी जागा पाहावी: कडेची पहिली पिन ऋण, तिच्या शेजारची १२ व्होल्टची आणि त्यापुढची वेग कळवणारी. म्हणजे तीन पिनांच्या कनेक्टरमध्ये मधली पिन १२ व्होल्टची असते. उरलेल्या वायरी मोकळ्या ठेवून त्यांवर टेप गुंडाळावी. निळी वायर मोकळी राहिली तर पंखा पूर्ण वेगाने फिरतो.

मोबाइलच्या ५ व्होल्टच्या चार्जरवरही आम्ही प्रयोग केला. पाती थरथरली, एक हिसका बसला आणि पंखा थांबला. बोटाने हलकेच ढकलल्यावर मात्र तो सावकाश फिरत राहिला. चालू ठेवण्यापेक्षा चालू करायला जास्त जोर लागतो, आणि कमी व्होल्टेजवर गुंडाळ्यांना तेवढा जोर मिळत नाही. ५ व्होल्टचे १२ व्होल्ट करणारे छोटे मॉड्यूल इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते, पण चार्जरकडून तेव्हा जवळजवळ अर्धा अँपिअर ओढला जातो, कारण वॅट तेवढेच लागतात आणि थोडे वायाही जातात.

प्रदर्शनात टेबलापाशी सॉकेट मिळेलच असे नाही, म्हणून यूपीएसची १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी तयार ठेवली. तिची निम्मी क्षमता वापरली तरी पंखा एकोणीस तास चालतो. अशा बॅटरीच्या धन वायरीत १ अँपिअरचा फ्यूज घालणे मी आवश्यक मानतो, कारण दोन वायरी एकमेकींना चिकटल्या तर ती वायर लाल होईपर्यंत करंट देऊ शकते.

विजेचे काम इथे संपले, वाऱ्याचे राहिले होते. पंखा खोक्याच्या एका भिंतीत बसवून आत हवा सोडली, तेव्हा उदबत्तीचा धूर मधल्या दोन जाळ्यांवरून सरळ पलीकडे गेला आणि कोपऱ्यांतली द्राक्षे दोन दिवसांनंतरही ओलीच राहिली. पंखा हवा फेकतो ती एका झोतात. ओढतो मात्र सगळीकडून. शिवाय या पंख्यांचा दाब पाण्याच्या एक-दोन मिलिमीटर उंचीएवढाच असतो, त्यामुळे दाट जाळी समोर आली की झोत वाट बदलतो. वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण दाब चौथ्या हिश्शावर येतो, म्हणून आवाज कमी करण्यासाठी वेग उतरवण्याचा विचार आम्ही सोडून दिला. पंखा काढून उलटा बसवला, म्हणजे स्टिकरची बाजू खोक्याबाहेर आली आणि तो आतली दमट हवा बाहेर ओढू लागला. पुन्हा उदबत्ती धरली, तेव्हा समोरच्या प्रत्येक फटीतून धुराची बारीक रेघ आत शिरताना दिसली, अगदी कोपऱ्यातल्या जाळीवरूनसुद्धा.