घर सोडलं, वीजबिल मात्र आपल्याच खात्यातून: पैसे मागायचे कुणाकडे आणि कोणत्या कागदावर

लिव्ह अँड लायसन्सचे करार नोंदवून द्यायचं माझं काम. करार संपला की माझा संबंध संपायला हवा, पण तसं होत नाही. सहा-सात महिन्यांनी फोन येतो, "दादा, जुन्या फ्लॅटचं लाईटबिल अजून माझ्याच खात्यातून जातंय. आत्ता लक्षात आलं." पगाराच्या खात्यात दर महिन्याला दीड-दोन हजार कमी होताहेत हे लक्षात यायला इतका वेळ कसा लागला, असं विचारायचा मोह होतो. विचारत नाही, कारण मेसेज येतात तेही चाळीस जाहिरातींच्या गर्दीत. पुन्हा ग्राहकाने महावितरणच्या 'गो-ग्रीन' योजनेत बिलामागे 10 रुपयांच्या सवलतीसाठी नाव घातलेलं असेल, तर दारात कागदी बिलही पडत नाही. नव्या भाडेकरूला वाटतं घरमालक भरतात, घरमालकांना वाटतं भाडेकरू भरतो. भरत असता तुम्ही.

आधी ऑटोपे बंद करा. ॲप काढून टाकलं किंवा फोन बदलला म्हणून मँडेट, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायला तुम्ही दिलेली परवानगी, रद्द होत नाही. यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' विभागात जाऊन ते रद्दच करायचं. नुसतं थांबवलेलं मँडेट पुन्हा चालू होऊ शकतं. क्रेडिट कार्डावर किंवा नेटबँकिंगच्या बिलपेमध्ये बिलर नोंदवला असेल तर तो तिथून काढायचा. रद्द झाल्याचा स्क्रीनशॉट ठेवा. त्या तारखेनंतरही पैसे कापले गेले, तर ती चूक बँकेची ठरते आणि सगळं सोपं होतं.

आता जिथे दहातले नऊ जण अडकतात ते.

लोक पहिल्यांदा बँकेत धावतात. कुठेतरी वाचलेलं असतं की कामकाजाच्या 3 दिवसांत कळवलं तर पूर्ण पैसे परत. तो रिझर्व्ह बँकेचा जुलै 2017 चा नियम आहे, पण आहे तो ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी. ऑटोपेला परवानगी तुम्हीच दिली होती आणि ती मागे घेतली नव्हती. बँक अर्ज फेटाळते, आणि खरं सांगायचं तर बरोबर फेटाळते. बँकेकडे बोट दाखवायला एकच जागा उरते. कार्ड आणि यूपीआयच्या ऑटोपेत पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी सूचना यायला हवी. एसएमएस आणि ईमेल दोन्ही चाळून ती आलीच नव्हती अशी खात्री असेल तरच लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

मग वीज कंपनी. "चुकून भरलेली रक्कम परत मिळावी" असा अर्ज घेऊन लोक उपविभाग कार्यालयात जातात. नांदेडहून नोकरीला आलेली एक मुलगी असाच अर्ज घेऊन एका वीज कंपनीच्या खिडकीवर तीनदा गेली. पहिल्यांदा साहेब नव्हते, दुसऱ्यांदा सर्व्हर बंद. तिसऱ्यांदा उत्तर मिळालं, "मॅडम, मीटर फिरलंय, बिल झालंय, बिल भरलंय. आम्ही परत काय द्यायचं?" हे पहिल्या खेपेलाच सांगता आलं असतं, अर्ध्या दिवसाच्या दोन रजा वाचल्या असत्या. पण उत्तर चूक नाही. कंपनीने वीज दिली, तिचे पैसे तिला मिळाले. तुमचं देणं लागतो तो ती वीज जाळणारा. भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 70 नेमकं हेच सांगतं: फुकट द्यायचा हेतू नसताना एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही केलं आणि त्या दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याने भरपाई द्यायची. लाभ नव्या भाडेकरूला झाला. फ्लॅट रिकामा असेल आणि नुसता स्थिर आकार येत असेल, तर घरमालकाला.

म्हणून वीज कार्यालयात परतावा मागू नका, खातेउतारा मागा. तिथल्या भाषेत त्याला 'सीपीएल' म्हणतात. महिनावार रीडिंग, बिल आणि भरणा त्यात एकत्र दिसतो. इथे दुसरी अडचण: मीटर घरमालकाच्या नावावर, त्यामुळे "तुम्ही ग्राहक नाही" हे ऐकावं लागतं. घरमालकांकडून दोन ओळींचं संमतीपत्र सही करून घ्या आणि अर्जात एवढंच लिहा: "ग्राहक क्रमांक अमुक, या जागेत मी दिनांक अमुकपर्यंत भाड्याने राहत होते. त्यानंतरच्या भरण्याचा खातेउतारा मिळावा. ग्राहकाची संमती सोबत जोडली आहे." घरमालक परदेशात असतील किंवा फोन उचलत नसतील, तर 12 अंकी ग्राहक क्रमांक आणि 4 अंकी बिलिंग युनिट टाकून महावितरणच्या संकेतस्थळावर बिलं पाहता येतात. बिलांच्या प्रती आणि तुमचं बँक स्टेटमेंट शेजारी ठेवलं की तेवढ्यावरही काम भागतं.

सगळ्यात नडणारा कागद मात्र वेगळाच आहे आणि तो जवळपास कुणाकडेच नसतो: ताबा पावती. तुम्ही घर कोणत्या तारखेला सोडलं याचा लेखी पुरावा. लोक करार पुढे करतात. करारावर शेवटची तारीख 31 जानेवारी आणि तुम्ही गेलात 18 नोव्हेंबरला, तर करार उलट तुमच्याच विरुद्ध जातो. पावती नसेल तर मिळेल ते गोळा करा: सामान हलवणाऱ्या टेम्पोचं बिल, सोसायटीच्या गेटवरची नोंद, डिपॉझिट परत आल्याची बँकेतली एंट्री, "चावी वॉचमनकडे दिली" हा व्हॉट्सॲपवरचा मेसेज, नव्या घराच्या कराराची तारीख. यातलं एकटं काही पुरत नाही, तीन जुळले की समोरचा वाद घालायचं सोडतो. आणि मीटरचा त्या दिवशीचा फोटो असेल तर इतर काही लागतच नाही.

हा फोटो किती कामाचा ते पाहा. डिसेंबरचं बिल म्हणजे डिसेंबरची वीज नव्हे. मागचं रीडिंग 5 नोव्हेंबरचं, चालू रीडिंग 5 डिसेंबरचं, म्हणजे 18 तारखेपर्यंतची वीज तुमचीच. पूर्ण बिल मागायला गेलात की पहिल्याच वाक्यात तुमची बाजू पडते. त्या मुलीने निघताना सहज मीटरचा फोटो काढला होता, मागे तिची चप्पलही दिसत होती. फोटोत 4,812. बिलावर मागचं रीडिंग 4,731, चालू 4,934. एकूण 203 युनिट, त्यातले 81 तिचे, 122 नंतर आलेल्यांचे. सोयीसाठी बिल 2,030 रुपये धरलं, तर तिचे 810 आणि त्यांचे 1,220. यावर नव्या भाडेकरूने स्लॅबचा मुद्दा काढला, की पहिली 100 युनिटं स्वस्त असतात, ती माझ्या वाट्याला धरा. हुशार माणूस! स्लॅब पूर्ण महिन्याच्या वापरावर असतो, दोघांनी मिळून तो वापरलेला असतो. युनिटांच्या प्रमाणात वाटणी हाच त्यातल्या त्यात न भांडता सुटणारा मार्ग. पुढच्या महिन्यांची बिलं पूर्ण त्यांची, तिथे हिशोबच नाही.

मागणी आधी घरमालकांकडे करा, नव्या भाडेकरूकडे नंतर. कारण घरमालकांच्या हातात त्याचं डिपॉझिट असतं. तुमचं डिपॉझिट अजून परत यायचं असेल तर त्यांच्याशी भांडून बसू नका, दोन्ही हिशोब एकाच कागदावर मांडा. फोनवर ठरलेलं मेसेज करून पक्कं करा. नाहीच ऐकलं तर वकिलाची नोटीस, दिवाणी दाव्याची मुदत साधारण 3 वर्षं. पण आठ-दहा हजारांसाठी मी कुणाला कोर्टाची पायरी चढायला सांगत नाही. बहुतेक वेळा रीडिंगचा तक्ता पाहिल्यावर माणूस हप्त्याने का होईना देतो. त्या मुलीला दोन हप्त्यांत मिळाले.

मुदतीबद्दल आणखी एक गैरसमज. वीज ग्राहकांच्या तक्रारींसाठी असलेल्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जायला 2 वर्षं असतात हे खरं, पण मंच कंपनीच्या चुकांसाठी आहे. दुसऱ्याने वापरलेल्या विजेचे पैसे मंच मिळवून देणार नाही. मंचाचा उपयोग होतो तो वेगळ्या प्रकरणात. समजा ग्राहक क्रमांकाचा एक आकडा चुकून पैसे भलत्याच माणसाच्या खात्यात जमा झाले. तेव्हा भरण्याची पावती, तुमचं बिल आणि चुकीचा क्रमांक देऊन रक्कम वळती करायचा अर्ज लगेच उपविभागात द्यायचा आणि पोच घ्यायची. कंपनी दाद देत नसेल तर पुढे मंच. पैसे भरण्याआधी पडद्यावर ग्राहकाचं नाव येतं, ते वाचलं असतं तर ही वेळ आली नसती, असं मी फक्त मनात म्हणतो.

फ्लॅट विकला असेल आणि मीटर अजून तुमच्या नावावर असेल तर प्रकार निराळा. तिथे कागदोपत्री ग्राहक तुम्हीच, थकबाकीचा तगादाही तुम्हालाच. विक्रीच्या कागदांसोबतच नावबदलाचा अर्ज घाला. पाइप गॅसचं गणितही मीटरचंच, फोटो त्याचाही काढा. ब्रॉडबँड तुमच्याच नावावर असतं, ते बंद करायचा अर्ज दिल्याशिवाय कुणी बंद करत नाही.

एक गोष्ट स्टेटमेंट पाहताना हमखास सुटते. वर्षभराच्या सरासरी वापरावरून महावितरण अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं बिल वेगळं पाठवतं. नेहमीच्या बिलासारखंच समजून भाडेकरू तेही भरून टाकतात. ते विजेचे पैसे नव्हेतच, ती ठेव आहे, घरमालकाच्या नावावर जमा राहते आणि तिच्यावर व्याजही त्यांनाच मिळतं. अशी रक्कम सापडली तर ती रीडिंगच्या हिशोबात मिसळू नका. वेगळी काढा आणि पूर्णच्या पूर्ण घरमालकांकडे मागा, तिथे नव्या भाडेकरूचा काही संबंध येत नाही.