पक्षी वलयांकनातील उंच जाळी

उंच जाळी : पक्ष्याच्या पायात क्रमांक कोरलेली हलकी कडी घालून त्याला पुन्हा मोकळे सोडण्याच्या कामाला वलयांकन म्हणतात. त्यासाठी पक्षी पकडण्याचे मिस्ट नेट, म्हणजे बारीक धाग्याचे, सहज न दिसणारे उभे जाळे, जमिनीलगत न लावता झाडांच्या मधल्या किंवा वरच्या थरात कप्प्या आणि दोरांच्या साहाय्याने टांगले, की त्याला उंच जाळे म्हणतात. जाळे तेच असते. बदलते ती उंची, आणि उंची बदलल्याबरोबर पकडले जाणारे पक्षी, लागणारी माणसे आणि पत्करावी लागणारी जोखीम हे सगळेच बदलते.

नेहमीचे मिस्ट नेट नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या काळ्या, अतिशय बारीक धाग्याचे विणलेले असते. सर्रास वापरात असलेले जाळे १२ मीटर लांब आणि सुमारे २.६ मीटर उंच असते. त्यातून पाच आडव्या दोऱ्या ओवलेल्या असतात आणि दोन दोऱ्यांमधले विणकाम मुद्दाम सैल सोडलेले असते. उडत आलेला पक्षी जाळ्याला धडकून खाली घसरतो आणि या सैल भागाच्या झोळात अलगद पडून राहतो. जाळे ताणून बसवले, तर झोळच उरत नाही आणि पक्षी चेंडूसारखा उसळून निघून जातो. म्हणून ताण आडव्या दोऱ्यांना द्यायचा, विणीला नाही, हे नवशिक्याला प्रथम शिकवतात. लहान गाणाऱ्या पक्ष्यांसाठी जाळ्याचा डोळा साधारणपणे ३० ते ३८ मिलिमीटरचा घेतात. या जाळ्याचे मूळ जपानमध्ये आहे. तेथे शिकारी शतकानुशतके अशी जाळी खाण्यासाठी पक्षी धरायला वापरत असत. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑलिव्हर ऑस्टिन या अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञाने ती पाश्चात्त्य संशोधकांच्या हाती दिली.

जमिनीपासून अडीच-तीन मीटरपर्यंत पोचणाऱ्या जाळ्यात जंगलाचा फक्त तळमजला सापडतो. नागपूरच्या भोवतालच्या, म्हणजे पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला या पट्ट्यातल्या शुष्क पानझडी वनात अशा जाळ्यात नारंगी कस्तूर, दयाळ, सातभाई आणि पावसाळ्यात आलेला नवरंग असे खालच्या थरातले पक्षी येतात. हळद्या, निखार, सुभग, तांबट आणि थंडीत उत्तरेकडून येणारे पर्ण वटवटे यांचा बहुतेक दिवस साग, ऐन, मोह आणि बेहड्याच्या शेंड्यांत जातो. ते खालच्या जाळ्यात क्वचितच अडकतात. केवळ जमिनीलगतच्या जाळ्यांवरून बनवलेली यादी वाचणाऱ्याला हे पक्षी त्या जंगलात जवळजवळ नाहीतच असे वाटेल. उंच जाळ्याची गरज या त्रुटीतून निर्माण झाली. उष्ण कटिबंधातील उंच वर्षावनांसाठी झाडांच्या छतात जाळी चढवण्याच्या पद्धती १९६० च्या दशकात तपशिलाने लिहिल्या गेल्या. आजची बहुतेक मांडणी त्यांचीच सोपी रूपे आहेत.

जाळे वर नेण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत ॲल्युमिनियमचे एकात एक सरकणारे खांब किंवा लांब बांबू उभे करून त्यांच्या टोकाला कप्पी बसवतात आणि दोन किंवा तीन जाळी एकावर एक जोडून वर खेचतात. तीन जाळी जोडली की सुमारे आठ मीटरची भिंत तयार होते. विदर्भात बांबू सहज मिळतो, पण कच्च्या बांबूच्या पेऱ्यांवर जाळ्याच्या कडेचे फासे हटकून अडतात. म्हणून पेरी आधी तासून, पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करावी लागतात. दुसरी रीत खांबाविना आहे. बेचकीने किंवा हाताने वाळूची छोटी पिशवी उंच फांदीवरून पलीकडे टाकतात. पिशवीला मासेमारीचा बारीक धागा बांधलेला असतो. त्या धाग्यामागे सुतळी आणि सुतळीमागे दोर ओढून घेतात. शेवटी त्या दोराने कप्पी फांदीपाशी जाऊन बसते. दोर नुसता फांदीवरून घेतला, तर सालीत रुतून अडकतो आणि फांदीही सोलवटते. कप्पी त्यासाठीच हवी. समोरच्या झाडावर हेच करून दोन्ही कप्प्यांतून दोराची अखंड साखळी फिरवतात, तिला ठराविक अंतरावर जाळ्याचे फासे बांधतात आणि मग दोन माणसे दोन्ही बाजूंनी एकाच वेगाने दोर ओढतात. एक बाजू पुढे गेली, की जाळे तिरपे होते, झोळ एकमेकांत शिरतात आणि गुंता सोडवण्यात सकाळ निघून जाते.

मात्र उंच जाळ्याची खरी परीक्षा ते वर जाण्यात नसून खाली येण्यात आहे. जमिनीलगतच्या जाळ्यात पक्षी अडकला, की चार पावले चालून हात घालता येतो. दहा मीटरवर लटकलेल्या पक्ष्यापर्यंत पोचायचे, तर संपूर्ण भिंत खाली उतरवावी लागते आणि तेवढ्या वेळात इतर झोळांतले पक्षी हलून आणखी गुरफटतात. म्हणून एखादी मांडणी स्वीकारण्यापूर्वी ती रिकामी असताना अनेकदा वरखाली करून पाहतात. जिथे जाळे अर्ध्यावर अडते, ती जागा कितीही चांगली असली तरी सोडून द्यावी, हेच शहाणपणाचे. लावलेल्या जाळ्याची पाहणी दर अर्ध्या तासाने, आणि ऊन वाढू लागले तर त्याहून लवकर करतात.

खाली आलेला पक्षी ज्या बाजूने झोळात शिरला, त्याच बाजूने सोडवायचा असतो. बहुधा आधी पाय मोकळे करतात, मग पंख आणि शेवटी डोके. मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात येते, पाठ तळहाताला टेकते आणि उरलेली बोटे पंखांवरून सैलसर मिटतात. छातीवर दाब पडला, तर पक्ष्याला श्वास घेता येत नाही, कारण त्याचा श्वास छातीच्या हालचालीवरच चालतो. त्यानंतर त्याला सुती पिशवीत ठेवतात. अंधार झाला की तो शांत होतो. कडी विशिष्ट भोकांच्या पकडीने पायाभोवती गोल मिटवतात. ती पायावर सहज फिरली पाहिजे, पण निसटता कामा नये. मग पंखाची लांबी, वजन, पिसे झडण्याची अवस्था आणि त्वचेखालची चरबी नोंदवून पक्षी सोडतात. सात-आठ ग्रॅमचा पर्ण वटवट्या काट्यावर ठेवल्यावर दिसणारा अर्ध्या ग्रॅमचा फरकही त्याच्या स्थलांतराच्या तयारीबद्दल सांगून जातो.

नागपूरच्या हवामानाचे दोन अडथळे आहेत. एक उन्हाचा. मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत जातो आणि उघड्या शेंड्यावर लटकलेल्या पक्ष्याला सावलीचा आधार नसतो. म्हणून उन्हाळ्यात उंच जाळी न लावणेच बरे, आणि हिवाळ्यातही काम पहाटे सुरू करून ऊन चढण्याआधी आवरावे. दुसरा अडथळा पानगळीचा. साग निष्पर्ण झाला, की जाळ्यामागची हिरवी पार्श्वभूमी नाहीशी होते, उजळ आकाशावर काळा धागा स्पष्ट दिसतो आणि पक्षी त्याला वळसा घालून जातात. त्याच सुमारास काटेसावर आणि पळस फुलतात आणि मधासाठी पक्ष्यांची झुंबड उडते. त्या झाडांजवळ जाळे लावण्याचा मोह होतो खरा, पण एकाच वेळी हाताळता येतील त्याहून जास्त पक्षी अडकण्याचा धोका तिथेच सर्वाधिक असतो. वारा सुटला, तर उंचावरचे जाळे शिडासारखे फुगते. वारा किंवा पाऊस आला की ते बंद करण्याखेरीज उपाय नाही. शिक्रा अडकलेल्या पक्ष्यावर झडप घालतो, याचेही भान ठेवावे लागते.

या सगळ्या काळजीमुळे प्रशिक्षित हातांत धोका कमी राहतो. अमेरिका आणि कॅनडातील वलयांकन संस्थांच्या नोंदींवर आधारलेल्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मिस्ट नेटमध्ये इजा होण्याचे सरासरी प्रमाण ०.५९ टक्के आणि मृत्यूचे ०.२३ टक्के आढळले.

मिळालेल्या आकड्यांचा अर्थ लावताना जाळे-तास हे माप वापरतात. १२ मीटरचे एक जाळे एक तास उघडे राहिले, की एक जाळे-तास होतो. चार जाळी पाच तास ठेवली, तर वीस. तरीही वरच्या आणि खालच्या जाळ्यांची सरळ तुलना दिशाभूल करते. जाळ्यात येणारी संख्या पक्षी किती आहेत यापेक्षा ते किती आणि कोणत्या उंचीवर उडतात यावर अवलंबून असते. एका फांदीवर तासभर बसून राहणारा तांबट कमी सापडतो, म्हणून तो कमी आहे असे ठरत नाही.

आधुनिक वलयांकनाची सुरुवात १८९९ मध्ये डेन्मार्कमध्ये हान्स ख्रिश्चन मॉर्टेन्सन यांनी केली. भारतात हे काम मुख्यतः मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने केले. सालिम अली यांच्या पुढाकाराने १९५९ नंतर त्याला व्यापक रूप आले. पक्षी धरण्याचे कसब मात्र पुष्कळदा बिहारच्या मीरशिकार समाजातील पारंपरिक जाणकारांचे होते, ही गोष्ट शास्त्रीय लेखनात जेवढी यायला हवी तेवढी येत नाही.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत पकडणेही येते. त्यामुळे वलयांकनासाठी जाळे लावायलासुद्धा मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. महाराष्ट्रात या परवानगीचा अर्ज नागपुरातच, सिव्हिल लाइन्समधल्या वनभवनात येतो. शहराच्या कडेला काम करताना आणखी एक अडचण असते. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली असली, तरी संक्रांतीनंतर झाडांच्या शेंड्यांत त्याचे तुकडे लोंबत राहतात. ते जाळ्यात गुंततात आणि दोर ओढणाऱ्याचे हातही कापतात. म्हणून उंच जाळ्याची जागा ठरली, की दुर्बिणीने शेंडे तपासून मांजा आधी काढून घेतात, आणि काम संपल्यावर स्वतःचे दोर, सुतळ्या आणि बारीक धागेही मोजून उतरवतात.