सबवूफर : घरगुती स्टीरिओतील जोडणी व जुळवणी

सबवूफर म्हणजे केवळ खर्जातला आवाज वाजवण्यासाठी बनवलेला स्वतंत्र स्पीकर. साधारण 20 ते 100 हर्ट्झ (सेकंदाला तितकी कंपने) एवढाच त्याचा मुलूख. पेटीत बहुधा स्वतःचा ॲम्प्लिफायर असतो. त्यामुळे त्याला वेगळा प्लग लागतो, आणि वर्षानुवर्षे वाजत असलेल्या स्टीरिओलाही तो नंतर जोडता येतो. आपल्याकडे हा शब्द होम थिएटरबरोबर घरात आला, म्हणून त्याची ओळख सिनेमातल्या स्फोटांशी, नाहीतर मिरवणुकीतल्या धडधडीशी चिकटली. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, जिथे मराठी घरांत ख्याल ऐकण्याची सवय पिढ्यांची आहे, तिथे त्याच्याकडून अगदी वेगळे काम घ्यायचे असते. तो वाजतो आहे हे कळता कामा नये. बंद केल्यावर मात्र गाण्याखालची जमीन काढून घेतल्यासारखे वाटावे.

हे काम किती, हे स्वरांच्या हिशेबाने पाहता येते. गायक काळी एकमध्ये, म्हणजे हार्मोनियमची पहिली काळी पट्टी षड्ज धरून, गात असेल तर त्याचा मध्य षड्ज सुमारे 139 हर्ट्झवर आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे 69 हर्ट्झवर येते. कपाटावर मावणारे पाच इंची वूफरचे स्पीकर बहुधा 60 हर्ट्झच्या आसपास दमू लागतात. काळी पाचमध्ये गाणाऱ्या गायिकेचा खर्ज 117 हर्ट्झवर असतो. तिथे सबवूफरला फारसे करण्यासारखे नाही. तसेही तंबोऱ्यात जवारीमुळे, म्हणजे घोडीवर तारेखाली सरकवलेल्या दोऱ्याने येणाऱ्या झंकारामुळे, मूळ स्वरापेक्षा वरचे स्वरांशच ठळक असतात आणि न ऐकू येणारा खर्ज कान स्वतः भरून काढतो. म्हणून लहान स्पीकरवरही तंबोरा ओळखू येतो. खरा फरक पडतो तो डग्ग्यात. मनगट दाबून काढलेली घिस्सा देणारी घुमक लहान स्पीकरवर अर्ध्यात तुटते. पखवाजाच्या कणीक लावलेल्या तोंडाचेही तेच. त्यात आणखी एक गोष्ट : आवाज लहान केला की कानाला आधी खर्ज कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी 1933 मध्ये हे मोजून दाखवले. रात्री दहानंतर हळू आवाजात ऐकणाऱ्याला सबवूफर जास्त उपयोगी पडतो तो यामुळे.

जोडणीचे मार्ग दोन. ॲम्प्लिफायरला ‘सब आउट’ किंवा ‘प्री आउट’ (सबवूफरला किंवा दुसऱ्या ॲम्प्लिफायरला द्यायचा हलका सिग्नल जिथून निघतो ते भोक) असेल तर तिथून साधी आरसीए केबल न्यावी. नसेल, आणि जुन्या स्टीरिओ ॲम्प्लिफायरला बहुधा नसतेच, तर ज्या खुंट्यांना स्पीकरच्या वायरी लागल्या आहेत तिथूनच आणखी एक वायर काढून सबवूफरच्या ‘हाय लेव्हल’ इनपुटला द्यावी. या इनपुटचा रोध खूप जास्त असल्याने ॲम्प्लिफायरवर ताण येत नाही. क्लास डी जातीच्या काही ॲम्प्लिफायरमध्ये काळी खुंटीही ‘जिवंत’ असते, म्हणजे तिच्यातूनही सिग्नल जातो. तिथे काळी वायर कुठे जोडायची हे माहितीपुस्तिका वाचूनच ठरवावे. ‘टेप आउट’ला सबवूफर जोडणे ही नेहमीची चूक. त्या खुंटीवर आवाजाच्या बटणाचा अंमल चालत नाही, त्यामुळे गाणे कमी केले तरी खर्ज तेवढाच घुमत राहतो. दुसरी चूक प्रस्तुत नोंदकाराने स्वतः केली आहे : प्री आउटची केबल ‘एलएफई’ लिहिलेल्या, होम थिएटरच्या वेगळ्या खर्जासाठी असलेल्या भोकात खुपसली. त्या इनपुटला सबवूफरची वरचे स्वर अडवणारी आतली गाळणी (फिल्टर) लागू होत नाही. परिणामी दोन दिवस बुवा कोपऱ्यातल्या पेटीतून, सर्दी झाल्यासारखे गात होते, आणि दोष ध्वनिमुद्रणाला दिला गेला.

पेटी आठ इंची घ्यावी की बारा, यावर दुकानात बराच वेळ जातो. दहा-पंधरा फुटांच्या खोलीत संगीतासाठी आठ ते दहा इंच पुरतात. बंद पेटीचा खर्ज हळूहळू उतरतो, भोक असलेली पेटी तेवढ्याच आकारात जास्त जोर देते. ख्यालासाठी बंद पेटी बरी, असे या नोंदकाराचे मत.

पेटीपेक्षा खोली मोठी गुरू. 50 हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळजवळ सात मीटर, म्हणजे खोलीपेक्षाही जास्त. अशी लहर समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून उभी राहते. काही जागी फुगते, काही जागी जवळजवळ नाहीशी होते. कुठला स्वर अडकेल हे काढायला सोपा हिशेब आहे : 563 ला खोलीच्या फुटांनी भागावे. पंधरा फूट लांबीला 37.5 हर्ट्झ, दहा फूट रुंदीला 56, बारा फूट उंचीला 47. लांबी-रुंदी सारखी असलेल्या चौरस खोलीत एकच स्वर दोन्हीकडून फुगतो, म्हणून ती सर्वांत त्रासाची. लष्करातल्या जुन्या वाड्यांत जाड दगडी भिंती आणि वर दगडी पटियांचे छत असते. पातळ भिंतींतून बराच खर्ज बाहेर निसटतो. दगड तो निसटू देत नाही, परत खोलीत टाकतो. अशा दिवाणखान्यात डग्ग्याची एक थाप पडली की तिची शेपूट पुढच्या थापेपर्यंत लोंबते. भिंतीवर अंड्यांचे ट्रे किंवा दोन इंची फोम चिकटवून यावर काही होत नाही. तेवढी जाडी या लहरींपुढे कागदासारखी. उपाय जागेचाच.

कोपऱ्यात सबवूफर सर्वांत जोरात वाजतो, कारण तिथे जमीन आणि दोन भिंती मिळून त्याला हात देतात. पण अडकणारे सगळे स्वरही तिथूनच उठतात. योग्य जागा शोधण्याची जुनी युक्ती अशी : सबवूफर उचलून आपल्या बसण्याच्या गादीवर ठेवावा, डग्गा नीट ऐकू येणारी एखादी मध्यलयीतली चीज लावावी आणि स्वतः भिंतीच्या कडेने गुडघ्यांवर रांगत जावे. ज्या जागी प्रत्येक थाप सुटी आणि सारख्या वजनाची ऐकू येईल तिथे पेटी ठेवावी. उगम आणि कान यांची अदलाबदल केली तरी खोली तशीच वागते, म्हणून हे जमते. घरातली माणसे हसतात, त्याला इलाज नाही. आपली बैठकही खोलीच्या बरोबर मध्यावर नसावी. लांबीचा पहिला अडकलेला स्वर तिथे बुडतो.

मग बटणे. क्रॉसओव्हर म्हणजे कोणत्या हर्ट्झच्या खाली सबवूफरने गावे ती सीमा. टीएचएक्स या सिनेमाच्या आवाजासाठीच्या मानकात ती 80 हर्ट्झ धरली आहे. त्याखालच्या आवाजाची दिशा कानाला नीट कळत नाही. मात्र मुख्य स्पीकर पूर्ण आवाज वाजवत असतील तर 50 ते 60 पासून सुरुवात करून वर जावे. नाहीतर काळी एकचा तोच खर्ज दोघे मिळून म्हणतात आणि फुगवटा येतो. फोनवरच्या टोन जनरेटरने 65, 69, 73, 78 आणि 82 हर्ट्झ हे पांढरी एकपासून पांढरी तीनपर्यंतचे खर्ज एकामागून एक वाजवून पाहिले की कोणता उसळतो, कोणता बुडतो ते लगेच कळते. फेजचे, म्हणजे सबवूफरची लहर मुख्य स्पीकरच्या लहरीशी जुळवण्याचे, बटण दुसऱ्याला फिरवायला सांगून आपण जागेवर बसावे. सीमेजवळचा टोन ज्या स्थितीत भरलेला वाटेल ती ठेवावी. पातळी शून्यापासून वाढवावी आणि सबवूफर ‘ऐकू आला’ की थोडी मागे घ्यावी. ग्वाल्हेरात हे मे महिन्यात करू नये. कूलरची घरघर खर्ज गिळते, आपण बटण वाढवत जातो, आणि थंडीत कूलर बंद झाल्यावर तीच पातळी छातीवर बसते.

सतत ‘हूं’ असा आवाज येत असेल तर तो 50 हर्ट्झच्या विजेचा असतो, बहुधा दोन उपकरणे दोन वेगळ्या ठिकाणच्या अर्थिंगला लागल्यामुळे. टीव्हीची केबल काढून पाहावी. सगळे एकाच बोर्डवर घ्यावे. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला सर्रास मिळतो, तो ऐकू नये. जुन्या वायरिंगच्या घरात अर्थिंगच नसते. तिथे आधी वायरमन, मग सबवूफर. सामाईक भिंतीला पेटी टेकवू नये आणि खाली जाड रबर द्यावे. त्याने शेजाऱ्यांकडे जमिनीतून जाणारी कंपने कमी होतात, हवेतून जाणारा खर्ज नाही.

सगळ्याच ध्वनिमुद्रणांना सबवूफर लागत नाही. 1925 पूर्वी, मायक्रोफोनशिवाय कर्ण्यात गाऊन केलेल्या तबकड्यांवर त्याच्या मुलखातले काही उमटलेच नव्हते. तो फक्त यंत्राची घरघर मोठी करतो. वाकड्या एलपीवर तर त्याचा पडदा संगीत नसतानाही आतबाहेर डुलताना डोळ्यांना दिसतो, कारण सुई तबकडीच्या चढउतारावरून जात असते. फोनो प्रीॲम्पला (तबकडीच्या सुईचा बारीक सिग्नल मोठा करणाऱ्या भागाला) ‘रंबल’ किंवा ‘सबसॉनिक’ गाळणी असेल तर ती चालू करावी; नसेल तर त्या एलपीपुरता सबवूफर बंद ठेवावा.