वाचन-सराव आणि कृत्रिम बुद्धिमत्ता : शाळांसाठी माहितीपत्रक

मुख्याध्यापक, शिक्षक आणि पालक यांस,

आमच्या वाचन-सरावाच्या साधनाचे काम कसे चालते, त्यावर कोठे विसंबावे आणि कोठे विसंबू नये, हे ते वापरायला घेण्यापूर्वीच आपल्याला माहीत असावे, म्हणून हे पत्रक देत आहोत. 5 जुलै 2021 रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने 2026-27 पर्यंत तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला समजून वाचता-लिहिता यावे आणि मूलभूत गणित यावे, असे उद्दिष्ट ठेवले आहे. परंतु भरलेल्या वर्गात प्रत्येकाचे वाचन रोज ऐकणे एका शिक्षकाला शक्य होत नाही, आणि द्विशिक्षकी शाळेत तर एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता बसलेल्या असतात. ही उणीव काही प्रमाणात भरून काढणे, एवढेच या साधनाचे काम आहे.

साधन काय करते

मूल टॅबवरील उतारा मोठ्याने वाचते. साधन त्या आवाजाचे मजकुरात रूपांतर करते, तो मजकूर मूळ उताऱ्याशी शब्दागणिक ताडून पाहते आणि मूल कोठे अडखळले, कोणता शब्द गाळला, मिनिटाला किती शब्द बरोबर वाचले, याची नोंद शिक्षकांपुढे ठेवते. वाचलेले समजले की नाही, हे या नोंदीवरून कळत नाही. त्यासाठी उतारा संपल्यावर दोन प्रश्न शिक्षकांनीच विचारावेत.

घरची बोली

अशा यंत्रणेला ज्या प्रकारच्या बोलण्यावर तयार केलेले असते, तेच तिला नीट ओळखता येते, आणि ते बोलणे बहुधा मोठ्या माणसांचे व प्रमाण मराठीतले असते. बागलाण, मालेगाव, कळवण या भागांत घरी अहिराणी बोलणारे मूल ‘डोळा’ हा शब्द ‘डोया’ आणि ‘काळा’ हा ‘काया’ असा उच्चारते. सुरगाणा आणि पेठ तालुक्यांत अनेक मुलांच्या घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलतात. बागलाणातील एका शाळेत दुसरीतल्या मुलीचे असे सगळे शब्द आमच्या साधनाने चूक धरले आणि तिला अक्षरगटात, म्हणजे अजून अक्षरेच शिकणाऱ्या मुलांच्या गटात, टाकले. प्रत्यक्षात ती पूर्ण गोष्ट अर्थासह वाचत होती. तिच्या बाईंनी ध्वनिमुद्रण स्वतः ऐकले, म्हणून हे ध्यानात आले. एका हुशार मुलीला पुन्हा मुळाक्षरांवर बसवले गेले असते, याचे आम्हांला फार वाईट वाटले. त्यानंतर मुलांचे गट आपोआप पाडण्याची सोय आम्ही काढून टाकली. आता साधन केवळ शंकास्पद शब्द दाखवते. तो चुकला आहे की घरच्या बोलीतला आहे, हे शिक्षक ठरवतात.

उतारे तयार करून घेताना

उतारे रचणारे भाषा-मॉडेल पुढचा शब्द कोणता यावा, याचा अंदाज बांधत मजकूर लिहिते, त्यामुळे सांगितलेली अट ते पुष्कळदा मोडते. जोडाक्षरे नसलेला उतारा द्राक्षबागेवर मागितला, तर विषयाच्या नावातच दोन जोडाक्षरे येतात. कांदा हा विषय सोपा वाटतो, पण विभक्ती लागताच ‘कांद्याला’, ‘कांद्याची’ अशी रूपे होतात आणि जोडाक्षर पुन्हा हजर होते. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आणि हिंदी वळणाची वाक्येही आढळतात. म्हणून प्रत्येक उतारा मुलांपुढे ठेवण्याआधी शिक्षकांनी वाचावा आणि त्यातील माहिती बालभारतीच्या पाठ्यपुस्तकाशी पडताळावी, असा आमचा आग्रह आहे.

मुलांचा आवाज आणि माहिती

2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार 18 वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि तिची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती घ्यावी, अशी तरतूद आहे. आम्ही मुलाचे नाव न नोंदवता शाळेने दिलेला क्रमांक वापरतो आणि ध्वनिमुद्रण 30 दिवसांनी पुसतो. शिक्षकांनीही इतर कोणत्याही मोफत चॅटबॉटमध्ये मुलांची नावे, गुणपत्रके किंवा छायाचित्रे टाकू नयेत.

प्रात्यक्षिक

प्रात्यक्षिकासाठी आम्ही नाशिक शहरात आणि जिल्ह्यातील सर्व तालुक्यांत येतो. जेथे रेंज नसते, तेथे उतारे टॅबमध्ये आधीच भरून आणतो. त्या दिवशी एक शांत खोली आणि पालकांनी सही केलेली संमतीपत्रे तयार ठेवावीत. इगतपुरी, त्र्यंबकेश्वरकडील पत्र्याच्या छपराच्या शाळांत पावसाच्या आवाजामुळे मुलांचा आवाज नीट टिपला जात नाही, तेव्हा त्या शाळांनी शक्यतो दिवाळीनंतरचा दिवस कळवावा.