त्र्यंबकची तांबडी, निफाडची काळी

त्र्यंबकेश्वर ते निफाड हे अंतर सत्तरेक किलोमीटरचं. तेवढ्यात माती तांबडीची काळी होते. खालचा खडक मात्र दोन्हीकडे एकच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हाचा बेसाल्ट. मग फरक पडला कशाने? पाण्याने.

घाटमाथ्यावर, इगतपुरीकडे, वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तो खडकातले कॅल्शियम, मॅग्नेशियम, सिलिका विरघळवून खाली नेतो. मागे उरतं ते लोह आणि न फुगणारी चिकणमाती. लोहामुळे या मातीचे बारीक रवे टिकतात आणि पाणी झरझर खाली जातं. पण उतारावर थर वीतभराचा, त्याखाली मुरूम आणि मग कातळ. म्हणून उतारावर नागली-वरई आणि बांध घातलेल्या खाचरात भात. मुरलेलं पाणी कातळाच्या थरांवरून घरंगळत झऱ्यांतून निघून जातं, आणि एवढा पाऊस पिणाऱ्या गावांतही उन्हाळ्यात टँकर येतो.

वरून वाहून आलेली द्रव्यं पूर्वेकडच्या सखल भागात साठतात. तिथे पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे ती धुऊन नेण्याइतका नाहीच. त्यांतून स्मेक्टाइट नावाचं खनिज तयार होतं. त्याच्या एका ग्रॅमचं सगळं पृष्ठफळ मोजलं तर काही शे चौरस मीटर भरतं, आणि थरांमध्ये पाणी शिरलं की ते फुगतं. उन्हाळ्यात हात घालता येईल अशा भेगा पडतात. पहिला पाऊस त्या भेगांतून सरळ खोल उतरतो. मग माती फुगून भेगा मिटतात आणि निचरा ताशी जेमतेम काही मिलिमीटरवर येतो. रंग काळा म्हणून ही माती सेंद्रिय द्रव्याने भरलेली, असं पुष्कळ जण धरून चालतात. तपासणीत सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याच्या आतच निघतो.

रब्बीच्या हरभऱ्याला ही ओल धरणारी माती वरदानच. द्राक्षाचं तसं नाही. वेलीच्या मुळांना हवा लागते. ऑक्टोबर छाटणीनंतर जोराचा पाऊस झाला तर भारी काळ्या रानात दिवसचे दिवस वाफसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही असण्याची स्थिती, येत नाही, पांढरी मुळी गुदमरते. दिंडोरीकडच्या मुरमाड उतारावरची बाग त्याच पावसात लवकर सावरते. भारी रानात बागायतदार बोद, म्हणजे वेलींच्या ओळीखालचा मातीचा वरंबा, उंच धरतात तो यासाठीच.

खरा घोळ कालव्याच्या पाण्याने होतो. निचरा नसलेल्या रानात सतत पाणी दिलं की पाणपातळी वर येते, जमीन चिबड, म्हणजे कायम पाणथळ, होते. वर आलेलं पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. त्यात सोडियम जास्त असेल तर तो कॅल्शियमची जागा बळकावतो, मातीचे कण सुटे होऊन छिद्रं बुजतात आणि रान चोपण बनतं. यावर उपाय म्हणून जिप्सम हे खनिज घालतात. त्यातलं कॅल्शियम सोडियमला हुसकावतं खरं, पण सुटलेला सोडियम शेताबाहेर जायला वाट हवी. पाणी बाहेर काढणारा चर न काढता पोत्यांवर पोती जिप्सम ओतणं मला तरी पैसे पाण्यात घालणं वाटतं. आणि चर आपल्या शेतात काढून भागत नाही, तो ओढ्याला मिळेपर्यंत खालच्या बांधावरच्या शेजाऱ्याची परवानगी लागते.